आता ही माती आहे

"याला बोलावलंय का?"

धुंडिराजशास्त्री माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. बनारसला बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी गुरुजींची माडीवरची खोली रिकामी आहे असं बँकेत कुणीतरी सांगितलं, म्हणून बोचकी घेऊन मी तिथे आले. कराडहून आणलेला पितळी गणपती फडताळात ठेवत होते, तर दारात हे उभे. धोतर, वर तपकिरी स्वेटर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"कुणाला?" मी विचारलं.

"याला. बोलावून बसवलाय की नुसता शोभेला आहे? बोलावला असेल तर रोज पाणी, फूल, दोन शब्द लागतील. शोभेचा असेल तर काहीच नको. पण मधलं काही चालणार नाही. आधी ठरव, बाई."

मी कराड शाखेत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. साहेबसुद्धा माझ्या टेबलापाशी जपून बोलायचे. पण त्या दिवशी मी गणपती हातात धरून नुसती उभी राहिले. खरं म्हणजे माझा गणपती बोलावलेलाही नव्हता आणि शोभेचाही नव्हता, आईने बॅगेत कोंबला म्हणून तो आला होता.

हा प्रश्न गुरुजी सगळ्यांनाच विचारायचे. लग्नपत्रिकेवरचा गणपती, उदबत्तीच्या पुड्यावरची लक्ष्मी, कॅलेंडरवरचे महादेव, कुणाचीच सुटका नव्हती. बोलावलेला नसेल तर तो कागद, आणि कागद ते निवांतपणे रद्दीत टाकायचे. शेजारपाजारच्या बायका हाय खायच्या. उलट एकदा गल्लीतल्या एकाने भिंतीवर कुणी पान थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवल्या, तर गुरुजी भयंकर संतापले. "ज्यांना बोलावलं नाही त्यांना थुंकीच्या पहाऱ्यावर बसवलंय," म्हणाले, आणि छिन्नी घेऊन स्वतः त्या फरशा काढायला बसले. तेव्हा त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. भिंतवाला मागून शिव्या देतोय आणि हे मान न वळवता "थांब जरा, मारुती निघतोय" म्हणतायत. त्यात एक फरशी ७८६ची होती आणि एक क्रुसाची. त्या दोन्हींना त्यांनी हात लावला नाही. क्रुसाच्या फरशीसाठी चर्चमध्ये निरोप धाडला आणि दुसऱ्या फरशीसाठी त्यांच्या मित्राला, हनीफमियाँना बोलावलं. "तुमची तुम्ही काढा," म्हणाले.

त्यांचं मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू यायचं. पाच पिढ्या काशीत. "सब्जी आणलीस का", "ताला लाव नीट", "जल्दी ये, चावल थंड होतोय". पण माझं हिंदी त्याहून धन्य. पहिल्याच महिन्यात बँकेचा दरवान म्हणाला, "मैडम, दो घंटे की छुट्टी चाहिए, मिट्टी में जाना है." मी म्हटलं, जाओ, और हमारी तुलसी के लिए भी एक थैली लेके आओ. त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. संध्याकाळी गुरुजींना सांगितलं तर ते आधी गंभीर झाले.

"अगं, इकडे प्रेताला मिट्टी म्हणतात. तो कुणाच्या तरी अंत्ययात्रेला गेला असेल. ज्याला बोलावलं होतं तो गेला, उरली ती मिट्टी. बनारसच्या माणसाला शास्त्र शिकवावं लागत नाही." आणि मग माझ्या तुळशीची थैली त्यांना आठवली. चष्मा काढून ठेवावा लागला इतके हसले. पुढे वर्षभर मला "तुलसीवाली" म्हणायचे.

आता हनीफमियाँ. हे मदनपुऱ्यातले विणकर. गुरुजींना सोवळ्याचं रेशमी धोतर विणून हवं होतं, त्यातून चाळीस वर्षांपूर्वी ओळख झाली आणि पहिल्याच भेटीत वाद झाला. हनीफमियाँनी विचारलं होतं, "पंडितजी, जिसको अपने हाथ से बनाया, उसी के आगे हाथ जोड़ते हैं. ये हमको समझाइए." गुरुजी म्हणाले, बैठो, समझाता हूँ. ते समजावणं मी आले तेव्हाही चालूच होतं. रोज चारच्या सुमाराला हनीफमियाँ गल्लीच्या तोंडावरून मातीच्या कुल्हडात चहा घेऊन यायचे आणि खालच्या ओट्यावर बसायचे. मी सुट्टीच्या दिवशी जिन्यात तांदूळ निवडायचं सोंग करून ऐकत बसायचे.

गुरुजींची वाद घालायची एक रीत होती. शास्त्रात तिला पूर्वपक्ष म्हणतात. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं. "रुको, पहले तुम्हारी बात मैं रखूँगा," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि हनीफमियाँची बाजू अशी मांडायचे की मला वाटायचं, झालं, आता हे उद्यापासून देव्हारा बंद करणार. हनीफमियाँ मान डोलवत म्हणायचे, "हमारी बात हमसे अच्छी कहते हैं, फिर काटते हैं." कधी कधी समोरच्याची बाजू इतकी नीट मांडली जायची की गुरुजींनाच ती खोडता येत नसे. मग ते स्पष्ट सांगायचे, "आज उत्तर नहीं है," आणि उठून आत जायचे.

एकदा असंच झालं. हनीफमियाँ म्हणाले, "हमारे यहाँ वो आता-जाता नहीं. हर जगह है. आप बुलाते किसको हैं?" गुरुजींकडे तीन दिवस उत्तर नव्हतं. जेवणात लक्ष नाही, मला दोनदा हाक मारून काय हवं होतं ते विसरले. चौथ्या दिवशी हनीफमियाँ ओट्यावर टेकायच्या आत हे बाहेर आले. "हर जगह वो है, हनीफ. मैं नहीं हूँ. मैं एक ही जगह रहता हूँ, इसलिए उसको एक जगह बुलाता हूँ. आया कि नहीं, वो जाने."

हनीफमियाँनी सगळा चहा संपवला. मग म्हणाले, "बात अच्छी है. मानी नहीं, मगर अच्छी है."

मी बँकेत रोज माणसं भांडताना पाहते. समोरच्याचं म्हणणं आधी उचलून नीट उभं करणारा आणि मग त्याच्याशी भांडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्या जिन्यात बसून माझ्या अंगावर कितीदा काटा आला आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तांदळात खडे राहिले.

पुण्याचे एक मोठे गृहस्थ एकदा गुरुजींकडे आले. पदरावर गणपती विणलेला शेला त्यांना हवा होता आणि हनीफमियाँच्या हाताची कीर्ती त्यांनी ऐकली होती. गुरुजी म्हणाले, "तो वेल विणेल, फूल विणेल. चेहरा विणत नाही." गृहस्थ म्हणाले, तुमचे मित्र आहेत ना, समजावून सांगा. "मित्र आहे म्हणूनच सांगणार नाही," गुरुजी म्हणाले, आणि त्यांना दुसऱ्या विणकराचा पत्ता दिला.

गुरुजींचा स्वतःचा गणपती मातीचा. चतुर्थीच्या आधी ते नावेने रामनगरच्या बाजूला जायचे, तिथली माती बोटांत चोळून पाहायचे आणि फडक्यात बांधून आणायचे. वीतभर मूर्ती, रंग नाही, दागिना नाही. सोंड जरा बसकीच व्हायची. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, याला सर्दी झालीय." त्यांनी मूर्ती लांब धरून पाहिली. "बसायला जागा झाली ना त्याला, मग पुरे."

तो गणपती दहा दिवसांचा असे. यशोदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मुलाच्या दुखण्यात बोललेला तो नवस. काकू मी यायच्या आधीच गेल्या. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "दहा दिवस मोडू नका." गुरुजी म्हणायचे, "घरात बाकी सगळं शास्त्राने चालतं, हे एक तिच्याने चालतं." पुढे स्वतःला ताप भरलेला असताना, भाऊ गेलेला असताना, त्यांनी ते दहा दिवस कुणाकडून तरी पार पाडून घेतले होते. एक दिवस कधी कमी झाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी गणपती बसले आणि गंगा चढायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत छातीइतकं पाणी. आमच्या घराला पाच पायऱ्या होत्या, पाणी चौथ्या पायरीवर आलं होतं. वर माझ्या खोलीत जाऊन बसता आलं असतं, पण मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती, आणि पोलीस दोनदा घर सोडा म्हणून ओरडून गेले होते. गुरुजी देवासमोर बसून होते. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही. उत्तरपूजा म्हणजे देवाला निरोप. ती झाली की मूर्ती हाताने किंचित हलवतात, आणि मग ती नुसती माती. आणि निरोपाला सात दिवस होते.

मी हात जोडले, भांडले, रडलेसुद्धा. ते एकच म्हणत राहिले, "तू जा. तिला मी शब्द दिलाय."

तेवढ्यात हनीफमियाँ पाण्यातून आले. गल्लीच्या तोंडाशी नाव उभी करून आले होते. सत्तरीचा माणूस, छातीपर्यंत भिजलेला. त्यांनी दारातूनच भेग पाहिली, गुरुजींकडे पाहिलं आणि पायरीवर पाण्यातच बसले. "आप नहीं चलेंगे तो हम भी यहीं हैं."

"हनीफ, पागलपन मत करो."

"पागलपन कौन कर रहा है, पंडितजी?"

मग हनीफमियाँ उठले. "अच्छा, एक काम करते हैं. पाट समेत सिर पर रख लेता हूँ. सीधा चलूँगा, हिलेगा नहीं. वहाँ मेरे घर रख लीजिए, दस दिन पूरे कीजिए. मैं अल्लाह से माफ़ी माँग लूँगा."

यावर गुरुजींचा चेहरा बदलला. मला वाटलं, सुटलो. पाट घेऊन पाण्यातून चालणं गुरुजींच्या वयाला झेपलं नसतं. मी उचलला असता, पण माझी उंची पाच फूटही नाही, मला पोहता येत नाही, आणि पाणी माझ्या खांद्याला लागत होतं. हनीफमियाँ म्हणजे देवानेच धाडलेला माणूस, असं माझ्या मनात आलं.

गुरुजी म्हणाले, "नहीं."

"क्यों?"

"माफ़ी माँगनी पड़े, ऐसा काम तुमसे करवाऊँगा? मेरे लिए वो भगवान है. तुम्हारे लिए बुत है, और उसको सिर पर रखना गुनाह है. चालीस साल तुम्हारी बात मैंने तुमसे अच्छी रखी है, हनीफ. आज पानी आया तो भूल जाऊँ?"

मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाई, दही आहे का?"

निरोपाच्या वेळी देवाच्या हातावर दही घालतात. मी वर पळाले. वीज दोन दिवस नव्हती, फ्रीजमधलं दही आंबून गेलं होतं. "आंबट झालंय," मी म्हटलं. "चालेल त्याला," ते म्हणाले. एकही मंत्र गाळला नाही. शेवटी "पुनरागमनाय च" म्हणाले, पुन्हा ये, आणि मूर्तीला दोन बोटं लावून ती हलवली. हलवताना ओठांत काहीतरी बोलले. मंत्र नव्हता तो. "यशोदे" एवढं मला ऐकू आलं. मला तोंड फिरवावं लागलं.

मग त्यांनी पाट उंबऱ्यावर आणून ठेवला. "हनीफ, आता उचल." मराठीतच म्हणाले.

"अब क्या है?"

"अब मिट्टी."

"पक्का?"

"तुमसे झूठ बोलूँगा?"

हनीफमियाँ "बिस्मिल्लाह" म्हणाले, कुठलंही ओझं उचलताना म्हणायचे तसं, आणि ती माती डोक्यावर घेऊन पाण्यात उतरले. गल्लीतलं पाणी नालीचं म्हणून नाव भर धारेत नेली आणि तिथे गुरुजींनी ती सोडली. रिकामा पाट मात्र त्यांनी मांडीवर धरून ठेवला होता. त्याच दुपारी आमची मागची भिंत बसली.

आम्ही हनीफमियाँच्या माडीवर राहिलो. गुरुजी स्वतः शिजवून खायचे आणि उरलेल्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तो रिकामा पाट कोपऱ्यात मांडून त्याच्यासमोर बसायचे. एकदा हनीफमियाँनी दारातून विचारलं, "अब तो वहाँ कुछ है ही नहीं. किसके आगे बैठे हैं?"

"उसी के. अब तुम्हारे जैसा बैठा हूँ."

"कैसा लगा?"

गुरुजी बराच वेळ पाटाकडे पाहत राहिले. "बहुत मुश्किल है, भाई. देखने को कुछ नहीं, पकड़ने को कुछ नहीं. तुम लोग ये रोज़ करते हो?" त्या दिवसापासून हनीफमियाँ त्या खोलीत शिरताना जोडे लांब, जिन्याखाली काढायला लागले.

पण कुणीतरी गच्चीवरून त्या दिवशीचा व्हिडिओ काढला होता. डोक्यावर गणपती घेतलेला दाढीवाला म्हातारा. दोन दिवसांत तो सगळ्या बनारसभर फिरला. कुणी हनीफमियाँना हार घालायला निघाले, कुणी मुलाखत मागायला. आणि मदनपुऱ्यात लोक त्यांना विचारायला लागले, बुत सिर पर रखा? हनीफमियाँ चहाच्या दुकानावर जाईनासे झाले. तोंडातून एक शब्द काढला नाही, पण गुरुजींना कळलं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गुरुजी धोतर, उपरणं, कपाळाला गंध अशा थाटात मशिदीच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. मी समोरच्या पानाच्या दुकानाशी, जीव मुठीत धरून. लोक थांबले. गुरुजी म्हणाले, "हनीफ ने बुत नहीं उठाया. मैंने पूजा करके भगवान को पहले विदा किया था. उसके बाद वो मिट्टी थी. इसने मिट्टी उठाई, और मुझसे पक्का करके उठाई."

एका वृद्धाने विचारलं, "पंडितजी, ये आप दोस्ती में कह रहे हैं?"

"दोस्ती में तो चालीस साल से इससे झगड़ रहा हूँ. ये मैं अपने धर्म से कह रहा हूँ."

तो वृद्ध पुढे आला आणि त्याने गुरुजींना सावलीत बसायला सांगितलं. कुणीतरी पाणी आणलं. संध्याकाळी हनीफमियाँ चहाच्या दुकानावर गेले.

हे निस्तरलं, भिंत बांधून आम्ही घरी परतलो, तर आमच्या मंडळींत दुसरं सुरू झालं. शेजारचे विष्णुपंत वैदिक, मराठी मंडळाचे चिटणीस. त्यांनी व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं, शास्त्रीबुवांनी मशिदीसमोर गणपतीला माती म्हटलं. मग घरी येऊन म्हणाले, "बिस्मिल्ला म्हणून देव उचलला त्याने, आणि तुम्ही पाहत राहिलात. प्रायश्चित्त घ्या."

"देव गेला होता, विष्णुपंत. मातीला बिस्मिल्ला चालतं."

"आणि दहा दिवस?"

गुरुजी म्हणाले, "त्याचं प्रायश्चित्त आहे. पण ते तुमच्याकडे नाही, तिच्याकडे आहे. भेटल्यावर घेईन." विष्णुपंत पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गुरुजी मात्र रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना थांबून नमस्कार करायचे.

या माघात एका सकाळी संध्या करताना गुरुजी गेले. हातात पळी होती. विष्णुपंत सगळ्यांच्या आधी आले आणि त्यांनी सगळं स्वतः केलं, मुलगा पुण्याहून पोचेपर्यंत उठले नाहीत. दुपारी मणिकर्णिकेला न्यायची तयारी झाली. गल्ली माणसांनी भरली होती. हनीफमियाँ कधीचे ओट्याशी उभे होते, नेहमीच्या जागेशी, पण बसले नव्हते. चाळीस वर्षांत ते त्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते, गुरुजींनी बोलावूनही.

तिरडी ओट्यापर्यंत आली तेव्हा ते माझ्याजवळ आले. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

"मैडम, अब मिट्टी है न?"

हे सांगायला गुरुजी हवे होते. मी काय सांगणार, मला तर तुळशीची थैली सुचली होती. पण ते माझ्याकडे पाहत राहिले, पायरीवर पाण्यात बसले होते तेव्हासारखे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात लावणार नव्हते.

"मिट्टी है," मी म्हटलं.

त्यांनी "पक्का?" असं विचारलं नाही. "बिस्मिल्लाह" म्हणाले आणि खांदा पुढे केला. पुढचा उजवा खांदा विष्णुपंतांचा होता. त्यांना ऐकू गेलं, मी त्यांची मान वळलेली पाहिली. मग ते थोडे मागे सरले आणि हनीफमियाँना जागा झाली.